जुन्या पाकिटांची ओळख: तिकिटाचा रंग आणि शिक्क्याचे गाव

जुन्या पाकिटावरचे तिकीट भिजवून सोडवले की त्याची निम्मी माहिती पाण्यात जाते. पाकीट अखंड असते तेव्हा तिकिटाचा रंग आणि छपाई, तिकीट रद्द करणारा शिक्का, पत्र जिथे टाकले त्या कचेरीचे नाव व तारीख, वाटेतल्या कचेऱ्यांचे शिक्के, बटवड्याची नोंद, आकारलेले हशील आणि पत्ता हे सारे एकाच कागदावर असते आणि यातली प्रत्येक गोष्ट दुसरीची साक्ष देते. सुट्या तिकिटाचा रंग पाहून ‘हा गडद निळा की फिका निळा’ यावर तासन्‌तास वाद घालता येतो. तेच तिकीट तारखेच्या शिक्क्यासह पाकिटावर असले तर वाद बहुतेक वेळा मिटतो. म्हणून रंग ओळखणे आणि गाव ओळखणे ही दोन स्वतंत्र कामे धरली तर फसगत होते. ब्रिटिश हिंदुस्थानातली १८५४ ते १९४७ या काळातली पाकिटे हा अभ्यास शिकण्यासाठी उत्तम आहेत. या काळात रंग अनेकदा बदलले, त्या बदलांमागे बहुधा ठोस कारण होते, आणि हिंदुस्थानचे टपाल एडनपासून सिंगापूरपर्यंत पसरले होते.

दगडावरच्या छपाईचे रंग

आशिया खंडातली पहिली चिकटवायची तिकिटे १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात निघाली. तिथले कमिशनर बार्टल फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. अर्ध्या आण्याची ही ‘सिंध डाक’ तिकिटे तीन रूपांत मिळतात: लाल, पांढरे आणि निळे. लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ थरावर दाबून काढलेले असल्यामुळे ते तडकते. पांढऱ्यात तर शाईच नाही, कागदावर फक्त उठाव आहे. दोन वर्षांतच ही तिकिटे मागे पडली, कारण १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध हिंदुस्थानासाठी अंतराचा विचार न करता केवळ वजनावर ठरणारे दर आणि एकसारखी तिकिटे लागू झाली.

ही १८५४ ची तिकिटे कलकत्त्याच्या सर्व्हे कचेरीत कॅप्टन थुइलिअर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर छापली गेली. अर्धा आणा निळा, एक आणा लाल आणि चार आणे दुरंगी, म्हणजे लाल चौकट आणि आत व्हिक्टोरिया राणीचे निळे शिर. दोन आण्याचे हिरवे तिकीट मात्र कलकत्त्याच्या टांकसाळीत अक्षरछपाईने तयार झाले. अर्धा आणा मुळात सिंदुरी असायचा होता. त्या रंगाची छपाई सुरूही झाली होती. पण इंग्लंडहून आलेली सिंदुरी शाई संपली, आणि तिच्या जागी वापरलेली इथली शाई दगडावरच्या आकृतीला मानवेना. त्यामुळे ते तिकीट लोकांपर्यंत पोचण्याआधीच बाद झाले आणि अर्धा आणा निळा ठरला. शाईच्या तुटवड्याने देशभरच्या पत्रांचा रंग ठरला, हे तिकिटांच्या इतिहासातले लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण आहे.

शिळाछापात शाई छपाईच्या जागीच घोटली जाई. त्यामुळे एकाच तिकिटाच्या छटा थक्क करण्याइतक्या बदलतात. अर्ध्या आण्यात आकाशी, साधा निळा आणि जवळजवळ नीळ वाटावी इतका काळपट निळा सापडतो, आणि हे सगळे एकच तिकीट आहे. तेव्हा या मालिकेत केवळ छटेवरून छपाईची तारीख सांगण्याचा मोह टाळावा. शिराची रेखाटणी, केसांच्या रेषा, अक्षरांची ठेवण यांवरून निरनिराळे साचे ओळखता येतात, आणि छटेचा उपयोग त्यांना पुरवणी म्हणून होतो. चार आण्यांचे तिकीट दोनदा छापावे लागे. एका खेपेस कागद उलटा बसला आणि राणीचे शिर उलटे छापले गेले. अशी थोडीच तिकिटे आज शिल्लक आहेत. या सर्व तिकिटांना छिद्रे नव्हती. टपालकारकून ती कात्रीने कापून देई, म्हणून कडेला कागद किती सुटला आहे यावर आजही किंमत ठरते.

लंडनची शाई आणि रंगांचे कोष्टक

१८५५ पासून छपाई लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेली आणि रंगात शिस्त आली. पहिली दोन तिकिटे चार आणे काळे आणि आठ आणे किरमिजी. दोन्ही सुरुवातीला निळसर चकचकीत कागदावर होती. पाठोपाठ अर्धा आणा निळा आणि एक आणा तपकिरी आला. दोन आण्याने गुलाबी, पिवळट आणि नारिंगी असे फेरे घेतले. १८६० मध्ये आठ पैचे जांभळे तिकीट निघाले. काळ्या चार आण्यांवर काळा शिक्का दिसत नसे. पुढे ते हिरवे झाले. १८६५ पासून कागदात हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह येऊ लागले. पण पाकिटाला चिकटलेल्या तिकिटाचे जलचिन्ह सहसा दिसत नाही. १८६५ च्या आधीची की नंतरची छपाई हे तिथे तारीख आणि छटा यांच्या जोडीनेच ठरवावे लागते. अर्थात १८६६ चा शिक्का असलेल्या पाकिटावरही जुन्या साठ्यातले तिकीट असू शकते.

१८८२ पासूनच्या मालिकेत ‘ईस्ट इंडिया पोस्टेज’ ऐवजी ‘इंडिया पोस्टेज’ छापले गेले, जलचिन्हाचा तारा झाला आणि रंग पार बदलले. अर्धा आणा निळ्याचा हिरवट निळा झाला, एक आणा तपकिरीचा अंजिरी झाला, दोन आणे निळे झाले, चार आणे शेवाळी आणि आठ आणे फिके जांभळे. १८९२ मध्ये अडीच आण्याचे पोपटी तिकीट आले. परदेशी पत्राचा दर अडीच आणे ठरल्यावर घाईने साडेचार आण्याच्या तिकिटावर ‘अडीच आणे’ असा छाप मारून १८९१ मध्ये काम चालवले होते. तो छाप आणि हे पोपटी तिकीट एकाच गरजेतून आले.

यानंतरचा मोठा बदल दिल्ली किंवा कलकत्त्यात ठरला नाही. जागतिक टपाल संघाने १८९७ च्या वॉशिंग्टन अधिवेशनात छापील मजकूर, पत्र-कार्ड आणि परदेशी पत्र या तीन दरांच्या तिकिटांसाठी अनुक्रमे हिरवा, लाल आणि निळा रंग सुचवला होता. परक्या देशाच्या कारकुनालाही तिकिटाचा रंग पाहून दर कळावा, हा त्यामागचा विचार. हिंदुस्थान १८७६ पासून या संघात होता. म्हणून १९०० मध्ये रंगांची अदलाबदल झाली: अर्धा आणा पोपटी, एक आणा किरमिजी, अडीच आणे निळे. निळा रंग अडीच आण्याला गेल्यामुळे दोन आणे जांभळे करावे लागले. १८९९ मध्ये निघालेले किरमिजी तीन पैचे तिकीट १९०० मध्येच करडे झाले, म्हणून किरमिजी तीन पैचे आयुष्य फार थोडे. सातव्या एडवर्डच्या आणि पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या तिकिटांत हेच रंग टिकून राहिले.

१९२२ मध्ये पत्राचा दर अर्ध्या आण्यावरून एक आणा झाला आणि एक आण्याचे किरमिजी तिकीट चॉकलेटी झाले. परदेशी दर वाढल्यावर निळा रंगही अडीच आण्यावरून तीन आण्यांवर गेला. १९२३ चे तीन आण्याचे निळे तिकीट त्या बदलाची खूण आहे. दर आणि रंग यांची जोडी ज्याच्या लक्षात राहिली त्याला पाकीट उघडण्याआधीच दशक कळते. १९२५ च्या सुमारास तिकीटछपाई नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये आली आणि १९२६ पासून तिथली तिकिटे पाकिटांवर दिसू लागली. आराखडा जुनाच ठेवला असला तरी कागदातले जलचिन्ह एका ताऱ्याऐवजी अनेक ताऱ्यांचे झाले. पाकिटावर तेही दिसत नाही. पण तेव्हापासून मराठी मुलखात तयार झालेली तिकिटे सबंध देशाच्या पाकिटांवर फिरत आहेत, ही गोष्ट मोठी आहे.

रंगावरून काळ ठरवताना एक नियम कायम ध्यानात ठेवावा. तिकीट उशिरा वापरले जाऊ शकते, पण निघण्याआधी वापरले जाऊ शकत नाही. १८८५ चा शिक्का असलेल्या पाकिटावर जुना निळा अर्धा आणा असणे शक्य आहे, कारण लोक घरात ठेवलेली तिकिटे वापरत. पण १८७० चा शिक्का असलेल्या पाकिटावर हिरवट निळा अर्धा आणा असेल तर शिक्का, तिकीट किंवा तारीख वाचणारा डोळा यांपैकी एक चुकतो आहे.

रंग पाहण्याची रीत

रंग सकाळच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीपाशी पाहावा. ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडी दिव्याखाली दोन वेगळ्या शाया सारख्याच दिसू शकतात, आणि एकच शाई दोन दिव्यांखाली दोन रंगांची भासू शकते. डोळा शेजारच्या कागदानेही फसतो. पिवळट पाकिटावरचा निळा अधिक गडद वाटतो, पांढऱ्यावरचा फिका. यासाठी करड्या जाड कागदाला वाटाण्याएवढे छिद्र पाडावे. ते छिद्र आधी पाकिटावरच्या तिकिटाच्या सपाट रंगाच्या भागावर ठेवावे, मग तुलनेच्या तिकिटावर. शेजारचा रंग झाकला गेल्यावर निर्णय बराच सोपा होतो. लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स कंपनीचा रंगतक्ता २०० रंगांचा आहे आणि तो उपयोगी आहे. तरी त्याच दशकातले तारीखवार तिकीट शेजारी ठेवणे हे तक्त्याहून अधिक भरवशाचे.

पुढचा प्रश्न असा की आज दिसणारा रंग हा छापल्या वेळचा रंग आहे का. इथे रसायन समजून घ्यावे लागते. प्रशियन निळा क्षाराने, म्हणजे साबण-सोड्याने, फिकटतो. अल्ट्रामरीन त्याउलट आम्लाने विटतो. उन्हात राहिलेले किरमिजी तिकीट गुलाबी होऊन बसते. शिसे असलेल्या शायांवर हवेतल्या गंधकाच्या वाफांचा परिणाम होऊन त्या तपकिरी-काळ्या होतात. नारिंगी तिकीट काळपट तपकिरी झाले की ‘अज्ञात रंग’ म्हणून विकायला निघते. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो काळपटपणा कमी करता येतो, पण पाकिटावर हा प्रयोग अजिबात करू नये. शिक्क्याची शाई, पत्त्याची शाई आणि कागद तिन्ही बिघडतात.

याची परीक्षा पाकीटच देते. पत्ता बहुधा लोहयुक्त काळ्या शाईने लिहिलेला असतो आणि अशी शाई काळाने तपकिरी पडते. कागदाची किनार पिवळलेली, शाई तपकिरी, आणि तिकीट मात्र कोवळे टवटवीत, किंवा उलट कागद ताजा आणि तिकीट उन्हात भाजल्यासारखे विटलेले, असे असेल तर ते तिकीट त्या पाकिटाबरोबर राहिलेले नाही असा संशय घ्यावा. दोन तिकिटे एकमेकांवर चढलेली असतील तर वरच्याने झाकलेल्या खालच्या भागाचा रंग मूळच्या जवळचा असतो. तो भिंगाखाली पाहावा, पण त्यासाठी तिकीट उचकटू नये.

शाई कोणती हे रंगाइतकेच महत्त्वाचे कसे, ते जम्मू-काश्मीर संस्थानच्या तिकिटांवरून कळते. ती १८६६ पासून निघाली, आधी गोल आणि मग चौकोनी. १८७८ पर्यंत ती जलरंगात छापली गेली आणि नंतर तेलरंगात. जलरंगाचा ठसा निस्तेज, कागदाच्या धाग्यांत मुरलेला. तेलरंगाचा ठसा अधिक ठळक, आणि कधीकधी त्याभोवती तेलाची पुसट किनार सुटलेली. जलरंगाला ओलावा लागला की तो पसरतो, म्हणून या पाकिटांची ‘ओल्या बोटाने’ परीक्षा घेण्याची जुनी खोड टाळावी. शिवाय, ब्रिटिश हद्दीत जाणाऱ्या पत्रांवर संस्थानी तिकिटाबरोबर ब्रिटिश हिंदी तिकीटही लावावे लागे. त्यामुळे या पाकिटांवर दोन राजवटींची तिकिटे आणि शिक्के शेजारी शेजारी दिसतात. १८९४ मध्ये संस्थानचे स्वतंत्र टपाल बंद झाले.

शिक्का आणि गाव

सुरुवातीच्या काळात तिकीट रद्द करणारा शिक्का आणि गावाचा शिक्का वेगवेगळे असत. पहिल्याचे काम फक्त तिकीट खराब करणे. म्हणून तो म्हणजे ठिपक्यांची चौकट किंवा आडव्या पट्ट्यांचा अष्टकोन, आणि मध्ये एखादा क्रमांक. गाव आणि तारीख सांगणारा शिक्का बहुधा पाकिटाच्या मागे. म्हणजे १८५०-६० च्या दशकातल्या सुट्या तिकिटावर नुसता क्रमांक हाती लागतो, आणि त्याचे गाव कळण्यासाठी पाकीट लागते. पाकिटाच्या मागचा शिक्का आणि पुढचा क्रमांक जुळवत जुळवतच अभ्यासकांनी क्रमांकांच्या याद्या उभ्या केल्या. या कामात मुंबईचे तिकीटतज्ज्ञ जाल कूपर यांचा वाटा मोठा आहे. सुरुवातीचे हिंदी शिक्के आणि हिंदुस्थानबाहेर वापरलेली हिंदी तिकिटे या दोन्ही विषयांवर त्यांची पुस्तके आहेत.

क्रमांक किती दूरचे गाव दाखवतो याचे उत्तम उदाहरण समुद्रापलीकडचे आहे. अष्टकोनी पट्ट्यांत ‘बी’ आणि १७२ असेल तर पत्र सिंगापूरचे, १४७ असेल तर पेनांगचे, १०९ असेल तर मलाक्काचे आणि १५६ असेल तर रंगूनचे. हा ‘बी’ बंगाल विभागाचा. सिंगापूर, पेनांग, मलाक्का येथे १ सप्टेंबर १८६७ पर्यंत हिंदुस्थानचीच तिकिटे चालत होती. एडन मुंबई इलाख्यात होते. १२४ क्रमांकाचा शिक्का एडनचा, आणि तिथे हिंदी तिकिटे १९३७ पर्यंत वापरात होती. रंगूनही १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश वेगळा होईपर्यंत हिंदी टपालात होते. मस्कत, बुशहर, बगदाद, बसरा इथेही हिंदी टपालकचेऱ्या होत्या. त्यामुळे राणीच्या शिराचे हिंदी तिकीट म्हणजे पत्र हिंदुस्थानातले, असे धरता येत नाही. पण एकच क्रमांक वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कचेरीला दिला गेला असल्यामुळे क्रमांकाबरोबर शिक्क्याचा आकारही पाहावाच लागतो.

१८७० च्या दशकापासून नाव आणि रद्द करण्याचा ठसा एकाच हत्यारात आले, आणि १८८० च्या दशकात वर्तुळाला चार कोपरे जोडलेला शिक्का रूढ झाला. आता गाव तिकिटावरच उमटू लागले. मोठ्या शहरांच्या बटवड्याच्या शिक्क्यांवर दिवसातला कितवा बटवडा हेही असे. मुंबईच्या पाकिटांच्या मागे असे ‘तिसरा बटवडा’ सांगणारे शिक्के सर्रास दिसतात. एकाच दिवशी पत्र पोचून बटवडा होई, हे त्यावरून समजते.

नावाच्या इंग्रजी वर्णलेखनावरूनही काळ कळतो. जुन्या शिक्क्यांवर साताऱ्याला दोन ‘टी’, नाशिकला दोन ‘एस’ आणि शेवटी ‘सी-के’, अहमदनगरच्या अखेरीस ‘नग्गर’ आणि ठाण्याला ‘टॅना’ अशी रूपे येतात. हंटर या अधिकाऱ्याने ठरवलेली नावांची सरकारी लेखनपद्धती १८७० च्या दशकात लागू झाल्यावर नावे हळूहळू सुधारली. पुणे आणि मुंबई यांची रूढ इंग्रजी नावे मात्र तशीच राहिली. शिक्क्याचे हत्यार झिजेपर्यंत वापरले जाई, म्हणून जुने वर्णलेखन नव्या तारखेबरोबर येऊ शकते. इथेही तोच नियम: जुने पुढे जाऊ शकते, नवे मागे जाऊ शकत नाही.

काही शिक्क्यांत गावच नसते. आगगाडीत पत्रे निवडणाऱ्या रेल्वे मेल सर्व्हिसचा शिक्का त्या गाडीच्या विभागाचा व गटाचा असतो. पत्र टाकले कुठे हे त्यातून कळत नाही, फक्त कोणत्या मार्गावरून गेले ते कळते. मुंबईहून विलायतेला जाणारे टपाल बोटीवरच निवडण्यासाठी १८६८ मध्ये समुद्री टपालकचेरी सुरू झाली आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध भडकल्यावर ती बंद पडली. ‘सी पोस्ट ऑफिस’ लिहिलेला शिक्का त्या बोटीवरचा असतो. फौजेसोबतच्या टपालकचेऱ्यांना फक्त क्रमांक असत, कारण फौज कुठे आहे हे शत्रूला कळू नये. पहिल्या महायुद्धात जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सेस) असा छाप होता. मेसोपोटेमियातून मराठा पलटणींच्या शिपायांनी लिहिलेली पत्रे अशा क्रमांकांनी आली आहेत. क्रमांकाचे गाव सैन्याच्या हालचालींच्या नोंदींवरून महिन्यागणिक ठरवावे लागते, कारण तोच क्रमांक पुढच्या महिन्यात नदीच्या वरच्या अंगाला गेलेला असतो.

शिक्क्याची शाईही बोलते. तिकिटांपूर्वीच्या काळात हशील भरलेल्या पत्रावर सहसा लाल शाईचा ‘पेड’ आणि न भरलेल्या, म्हणजे बैरंग पत्रावर काळ्या शाईचा ‘बेअरिंग’ असे. पुढे काळी शाई सर्वसाधारण झाली, म्हणून वेगळा रंग दिसला की कारण शोधावे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल नेले, जगातले पहिले अधिकृत विमानटपाल. त्या पत्रांवरचा खास शिक्का किरमिजी-जांभळ्या शाईचा आहे.

मराठी मुलखाची तीन टपाले

मुंबई इलाख्यातल्या पाकिटांवर पत्ता पुष्कळदा मोडीत असतो आणि त्याखाली टपाल कारकुनाने इंग्रजीत मुक्कामाचे नाव लिहिलेले असते. दोन्ही नावे जुळतात की नाही हे पाहणे फायद्याचे. कधी कारकून चुकला म्हणून पत्र भलत्याच गावी जाऊन आलेले असते आणि मागे त्या फेरफटक्याचे सगळे शिक्के उमटलेले असतात. पत्राच्या आत शके लिहिलेले असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढावा. तो शिक्क्यावरच्या सालाशी जुळायला हवा, वर्षअखेरच्या महिन्यांत एका वर्षाचा फरक धरून.

मराठवाडा निजामच्या राज्यात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, जालना येथून राज्यातल्या राज्यात जाणाऱ्या पत्रावर १८६९ पासून निघालेली निजामी तिकिटे लागत, हाली सिक्का या निजामी चलनाच्या हिशेबात. त्यांच्या शिक्क्यांवर उर्दू मजकूर आणि फसली सन असतो. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची इराणी नावे ओळखता आली की तारीखही हाती लागते. त्याच गावात ब्रिटिश हिंदी टपालकचेरीही असू शके आणि बाहेरच्या पत्रांवर राणीची किंवा राजाची तिकिटे येत. एकाच औरंगाबादहून एकाच आठवड्यात गेलेली दोन पाकिटे दोन वेगळ्या देशांतली वाटावीत, इतका फरक त्यांत असतो. निजामी टपाल १९५० पर्यंत चालले.

गोव्यात पोर्तुगीज टपाल होते. तिथली पहिली तिकिटे १८७१ मध्ये गोव्यातच छापली गेली. ती ओबडधोबड आहेत आणि रईसच्या चलनातली आहेत. १८८१ नंतर टांगांचे छाप आले. या छापांच्या नकला इतक्या आहेत की फक्त सुट्या तिकिटावर विश्वास ठेवू नये. पणजीचा, मडगावचा शिक्का आणि पाठीमागे ब्रिटिश हद्दीतल्या कचेरीचा शिक्का, दोन्ही तारखांनी जुळलेले असावेत.

दर जुळवून पाहणे

समजा, हाती एक पाकीट आहे. पुढे निळा अर्धा आणा, त्यावर पट्ट्यांचा शिक्का. पत्ता मोडीत. मागे दोन ‘टी’ असलेल्या साताऱ्याचा १८६७ चा शिक्का, पुण्याचा शिक्का आणि मुंबईच्या बटवड्याचा शिक्का. निळा अर्धा आणा म्हणजे १८८२ पूर्वीचे तिकीट, ते जमले. जुने वर्णलेखन, तेही जमले. १८५४ च्या दराने अर्धा आणा हे पाव तोळ्यापर्यंतचे हशील. ही मर्यादा १८६९ मध्ये अर्ध्या तोळ्यावर गेली. तेव्हा १८६७ चे हे पत्र एकाच पातळ कागदाचे असायला हवे. आत जाड कागदाचे चार बंद निघाले तर काहीतरी चुकले आहे, किंवा कमी पडलेल्या हशिलाची नोंद पाकिटावर असायला हवी, कारण न भरलेल्या पत्रावर दुप्पट आकारणी होई. मार्गही जुळतो. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली होती, म्हणून सातारा ते पुणे रस्त्याने आणि तिथून मुंबईपर्यंत आगगाडीने, आणि तारखांमधले अंतर त्याप्रमाणेच हवे. सातारा-मुंबई एकाच तारखेचे शिक्के असते तर पाकीट संशयास्पद ठरले असते.

परदेशी पत्रांत दर अधिक मोलाचा. २५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटनला अर्ध्या औंसाच्या पत्राचा दर एक आणा झाला. १८९५ च्या लंडनच्या पत्रावर फक्त एक आणा असेल तर बाकीचे हशील कुणी भरले याचा शोध घ्यावा लागतो. पोस्टकार्ड १८७९ मध्ये पाव आण्याला निघाले आणि तो दर १९२२ पर्यंत राहिला.

बनावट

खोटे पाकीट बहुतेक वेळा खरेच असते. बिनतिकिटाच्या, साध्या जुन्या पाकिटाला महाग तिकीट चिकटवलेले असते, किंवा खऱ्या तिकिटाच्या जागी दुर्मीळ छटेचे बसवलेले असते. म्हणून तिकिटावरचा शिक्का कागदावर पुढे उतरला आहे का, हे आधी पाहावे. रेषा तिकिटाच्या कडेवरून कागदावर सलग गेली पाहिजे, आणि दोन्हीकडे तिची शाई एकाच दाबाची असावी. भिंगातून पाहता शिक्क्याची शाई पत्त्याच्या शाईवर आहे की खाली, हेही दिसते: शिक्का पत्ता लिहून झाल्यावर पडतो, तो पत्त्याखाली असेल तर पत्ता नंतर लिहिला गेला. अतिनील दिव्याखाली आधुनिक कागद आणि दुरुस्तीचा गोंद निळसर चमकतो, जुना कागद मंद राहतो. तिकिटाभोवती फिकट चौकट दिसत असेल आणि तिची मापे तिकिटाशी जुळत नसतील, तर तिथे पूर्वी दुसरे तिकीट होते. रंग मुद्दाम बदललेले तिकीट ओळखायला छिद्रांच्या तोंडाचा कागद पाहावा. रसायनात बुडवलेल्या तिकिटाचे तेथील धागेही त्या द्रवाने रंगलेले असतात, तर खऱ्या छपाईत शाई वरच्या पृष्ठापुरतीच असते.